निर्माल्याखालचा पत्ता

दर सोमवारी सकाळी तेलगावच्या जुन्या गोदामापुढं रांग लागायची, ती पार पिठाच्या गिरणीपर्यंत. आत टेबलावर कॉम्प्युटर. पडद्याला वरून झेंडूचा जाडजूड हार, पुढं हळदीकुंकवाचं ताट, ताटात तांब्यावर नारळ. साल २००३. माजलगावात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, पण कॉम्प्युटरची आरती मी पहिल्यांदाच पाहत होतो.

फोनच्या वायरीतून कुईं-कुईं, खर्र-खर्र आवाज निघाला की कवचानंद महाराज डोळे मिटायचे.

“भक्तहो, हा शंखनाद. वायर थेट कैलासाला लागली.”

गर्दी हात जोडायची. वायर टेलिफोन खात्याच्या खांबाला लागलेली होती, पण विचारतो कोण.

मग पडद्यावर एक पान उघडायचं. मधोमध सोनेरी कुलूप, त्यावर त्रिशूळ. खाली रकाने: नाव, आईचं नाव, घरातलं दुखणं, मनातली सल. “हे कुलूप महादेवाचं,” महाराज सांगायचे. “यात लिहिलेलं मी वाचत नाही, माझा शिष्य सिद्धाराम वाचत नाही. वाचतो फक्त वरचा.” आणि पुढच्या सोमवारी हेच महाराज लिहिणाऱ्याच्या कानात त्याची सल जशीच्या तशी सांगायचे. आसाराम शिंपी तर ऐकून मटकन खालीच बसला होता.

लिहिणाऱ्याला महाराज दुखण्यापासून राखणारं दैवी कवच द्यायचे. ते टिकायला एकच अट होती. औषध बंद. औषध घेतलं म्हणजे शंका आली, आणि शंका आली की कवच फुटतं.

माझं औषधाचं दुकान. म्हणून अप्पाला पोटशूळ उठला, असं गाव म्हणायचं. उठला होता खरा, पण तो गल्ल्यापायी नव्हता. नीलाबाई दर महिन्याला तिच्या मुलीच्या, वर्षाराणीच्या, फिटच्या गोळ्या न्यायची. कागदात गुंडाळून, पदराखाली. गावाला कळलं तर लोक बाधा म्हणतील, याची तिला धास्ती. त्या शुक्रवारी ती आली नाही. काउंटरवरच्या माझ्या वहीत तिच्या नावापुढं खूण करायची राहिली आणि मला दुकानात बसवेना. शेवटी तिच्या घरीच गेलो.

“सोमवारी आमचा नंबर हाय, अप्पा,” ती म्हणाली. “वर्षा बारावी शिकलेली, तिलाच लिव्हायला लावते. लिव्हलं की गोळ्या बंद.”

“डॉक्टर काय म्हणालेत? एकदम बंद केल्या तर जोरात फिट येते. चुलीपुढं आली तर?”

“कवच मिळणार हाय तिला. आन् लिव्हलेल्याला कुलूप हाय. महादेवाबिगर कुणाला दिसत न्हाई.”

महादेवाच्या देवळात पहाटेची झाडलोट तीच करायची. महादेवाचं नाव आल्यावर ती माझं ऐकणार नव्हती. पण एक काम मी आदल्या सोमवारीच करून ठेवलं होतं. स्वतः रांगेत उभा राहून, एका बोटानं ठोकत लिहिलं होतं: धाकटा भाऊ धोंडीराम, तीन वर्षांपासून बेपत्ता. मला चार बहिणी आहेत. भाऊ एकही नाही.

शनिवारी माजलगाव गाठलं. आमच्या गावच्या ट्रॅक्टर मेकॅनिक मैनुद्दीनची मुलगी उज्मा तिथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“अप्पा, पडद्यावर एकदम वरच्या पट्टीत काय लिहिलं होतं?”

“वर हार होता.”

“आन् खाली, उजव्या कोपऱ्यात?”

“तिथं नारळ.”

ती हसली. तिच्या कॉम्प्युटरवर तिनं एका बँकेचं पान उघडलं. वरच्या पट्टीत पानाचा पत्ता. सुरुवातीला इंग्रजी अक्षरं: एच, टी, टी, पी, आणि पाचवं एस. खाली चौकटीच्या कोपऱ्यात बारकं पिवळं कुलूप. त्यावर दोनदा टिचकी मारली, तर पान कुणाचं त्याचा दाखलाच उघडला. “हे कुलूप चौकटीवर असतं, पानावर नाही,” ती म्हणाली. “पानावर कुणी हत्तीचं चित्र काढलं म्हणून हत्ती येतो का?”

“सोमवारी येतेस?”

“येते. पण हाराला मी हात लावणार न्हाई. मी लावला तर गोष्ट भलतीकडंच जाईल. तुमी लावा.”

सोमवारी महाराजांनी आधी मलाच जवळ बोलावलं आणि कानात पुटपुटले, “धोंडीराम सोलापुरात आहे. पौर्णिमेला येईल.”

मी मोठ्यानं म्हणालो, “मला भाऊच नाही. मी खोटं लिहिलं होतं.”

गर्दी चुळबुळली. महाराजांनी क्षणभर डोळे मिटले, मग म्हणाले, “मागच्या जन्मीचा भाऊ. वरचा सगळे जन्म वाचतो.”

लोकांनी हात जोडले. आसारामानं तर माझ्याच पाया पडून घेतलं. आठ दिवसांची माझी हुशारी एका वाक्यात पाण्यात गेली होती.

तेवढ्यात सिद्धारामनं नीलाबाईचं नाव पुकारलं. वर्षाराणी खुर्चीवर बसली. पहिल्या रकान्यात तिनं नाव लिहिलं. दुसऱ्यात आईचं. तिसरा रकाना दुखण्याचा.

“वर्षा,” गर्दीतून उज्मानं विचारलं, “लिहायच्या आधी सांग, वर पत्ता काय हाय?”

“दिसत न्हाई. हार हाय.”

मी पुढं झालो. हात उचलला आणि तो तिथंच थांबला. लाज वाटते सांगायला, पण जन्मभर बुवाबाजीवर तोंडसुख घेणाऱ्या माझ्या हातून देवाचा हार निघेना.

नीलाबाईनं मात्र हाराकडं नीट पाहिलं. फुलं काळी पडली होती. “हा गेल्या सोमवारचाच हाय की,” ती म्हणाली. “निर्माल्य हाय हे. देवावर शिळं ठिवत न्हाईत, महाराज.” देवळात रोज पहाटे करायची तेच तिनं केलं. हार काढला, ओच्यात घेतला. ताटही सवयीनं बाजूला सरकवलं.

सिद्धाराम धावला, पण वर्षाराणी वाचू लागली होती. “एच, टी, टी, पी. पुढं एस न्हाई. मग... सिद्धाराम.” ती थबकली. “पत्त्यात ह्यांचंच नाव हाय, आई.”

“खाली कोपऱ्यात कुलूप?” उज्मानं विचारलं.

“काहीच न्हाई.”

“आता त्या सोनेरी कुलपावर टिचकी मार.”

वर्षाराणीनं मारली. चारदा मारली. कुलूप ढिम्म.

“चित्र हाय ते,” उज्मा म्हणाली. “पान सिद्धारामचं. लिहिलेलं त्याच्याकडं जातं, तेही पोस्टकार्डासारखं उघडं. तो वाचतो, महाराजांना सांगतो.”

“बोल बे,” आसाराम सिद्धारामला म्हणाला. “माझ्या घरातलं तू वाचलंस?”

सिद्धारामनं महाराजांकडं पाहिलं. महाराज वायर गुंडाळू लागले होते. कैलासाची वायर इतक्या लवकर निघते, हे गावाला त्या दिवशी कळलं.

वर्षाराणीनं लिहिलेली दोन नावं पुसली. तिसरा रकाना कोराच राहिला होता.

जाताना उज्मानं मला बजावलं, “खरं कुलूप असलं, तरी वाटेत कुणी वाचणार न्हाई एवढंच ते सांगतं. पलीकडचा माणूस भला का, ते आपणच बघायचं.”

संध्याकाळी नीलाबाई दुकानात आली. मी गोळ्या कागदात गुंडाळल्या आणि सवयीनं काउंटरवरची वही ओढली. नाव, औषध, तारीख.

“अप्पा,” ती म्हणाली, “ही वही कोण कोण वाचतं?”

माझा पेन थांबला. दोन गिऱ्हाईकं काउंटरला टेकून उभी होती आणि वही त्यांच्याकडंच उघडी होती. दहा वर्षं ती तशीच उघडी असायची. मी ती मिटली, खणात टाकली, किल्ली फिरवली.

देवाचं नाव असो, सरकारचं असो, नाहीतर माझ्यासारख्या ओळखीच्या माणसाचं. लिहिण्याआधी हार बाजूला करा आणि नीलाबाईनं विचारलं ते विचारा: हे कोण वाचतं? उत्तर मिळेपर्यंत रकाना कोरा राहिला, तर कुठलाही देव रागावत नाही.