एका बोटाची उचल

म्हातारी पलंगावर चढली, याचाच वजनकाटेवाल्याला संताप आला होता.

म्हातारी म्हणजे त्याच्या बायकोची कुत्री. बायको गेल्यापासून पलंगाची तिची बाजू त्याने होती तशीच ठेवली होती. चादर धुतली नव्हती, उशीतला खळगा मोडला नव्हता. स्वतः तो बाहेर खुर्चीत झोपायचा. कुत्रीचे मागचे सांधे इतके धरलेले की तिला उंबरासुद्धा ओलांडवत नसे, तेव्हा तिच्याकडून धोका नव्हता. आणि आज सकाळी बघतो तर बाईसाहेब त्याच खळग्यात तोंड खुपसून घोरत होत्या. उशीवर लाळ, चादरीवर केस. त्याने आरडाओरडा करून तिला खाली उतरवलं, मग उशी नाकाशी धरली. कुत्र्याचा वास आला. दुसरा कुठलाच नाही.

त्याच तिरीमिरीत तो जनावरांच्या दवाखान्यात आला होता. बरोबर मेहुणी होती. हे लेझरचं खूळ तिचंच.

लेझरने सांध्यांचं दुखणं खरंच कमी होतं का, याची चाचणी मागच्या खोलीत चालू होती. यंत्रं दोन, एकावर निळी पट्टी चिकटवलेली, एकावर पिवळी. लाल ठिपका दोन्हींतून पडायचा, पण तो नुसता नेम धरण्यापुरता. गुण यायचा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी, आणि ते एकाच यंत्रातून निघत होते. कुठल्या, ते डॉक्टरबाईंनाही सांगितलेलं नव्हतं. म्हातारीच्या वाट्याला पिवळी पट्टी आली होती.

"म्हणजे नुसत्या दिव्यापुढे गॉगल लावून बसायचं आम्ही?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं.

"मीही बसते ना तुमच्याबरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

आज मधली तपासणी होती. ज्या कुत्र्यांना फरक दिसेल त्यांचं लेझर पुढे चालू ठेवायचं, बाकीच्यांचं थांबवून त्यांना गोळ्यांवर न्यायचं. म्हातारीची मूत्रपिंडं थकली होती. गोळ्या तिला झेपणार नाहीत हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यालाही.

"काका, शून्य ते दहामध्ये तिचं दुखणं किती वाटतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तिलाच विचारा की!" तो उसळला. "माझ्या बायकोलाही विचारायचे हेच. ती भिडेपोटी तीन म्हणायची. तीन लिहून घेऊन तुम्ही लोक चालते व्हायचात, आणि ती तोंडात टॉवेल कोंबायची."

"भाऊजी, या जनावरांच्या डॉक्टर आहेत," मेहुणी हळूच म्हणाली.

"माहीत आहे! म्हणून तर एवढी चौकशी चाललीय!"

डॉक्टरबाईंनी आकड्याची जागा कोरी ठेवली. मग म्हणाल्या, "पलंगावर, सोफ्यावर चढते का?"

"नाही."

पुढे वजनाच्या पत्र्यावरून चालवायचं होतं. तो जमिनीत बसवलेला होता आणि कुत्रं कुठल्या पायावर किती भार टाकतं, ते पडद्यावर दाखवायचा. हा मात्र त्याच्या ओळखीचा प्राणी. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करण्यातच त्याचा जन्म गेला होता. ताटलीखालचं लोहचुंबक, दांडीला हळूच लावलेलं बोट, सगळ्या लबाड्या त्याने पकडल्या होत्या. म्हातारी पडू नये म्हणून तिच्या मागच्या पायांपुढे, पोटाखालून एक पट्टा घातला होता. तो सैल धरायचा, असं बजावलेलं होतं. त्याने एका बोटाने वर उचलला.

डॉक्टरबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "आकडा पहिल्या दिवसाइतकाच? मागच्या पायांवर भारच टाकत नाहीये ही."

"मी काय म्हणत होतो? नुसता दिवा आहे तुमचा."

"मग थांबवायला हवं. गोळ्या सुरू करू, बघू कितपत सोसतात."

"नाही सोसायच्या," मेहुणी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "भाऊजी, ताई दुखत असून नाही म्हणायची. निदान तिला तोंड तरी होतं. हिच्या वतीने तुम्हीच बोलायचं होतं."

"मग बोललो की!"

तो बोलला खरा, पण बोट अजून पट्ट्यातच अडकलेलं होतं. चाचणीच्या पहिल्या दिवशी या पट्ट्यावर म्हातारीचं अख्खं ओझं आलं होतं, बोटांवर वळ उठले होते. आज ती आपल्या पायांवर उभी होती, आणि तिला हलकं करायला त्यालाच जोर लावावा लागला होता. काट्याला बोट लावणाऱ्या दुकानदारांना त्याने भर बाजारात शिव्या घातल्या होत्या. त्यातली एकही आत्ता विसरायला होईना.

"परत चालवा," तो म्हणाला.

"कशाला?"

"काट्याला बोट लागलं होतं. माझं."

डॉक्टरबाईंनी डोक्यावर सरकवलेला गॉगल काढून टेबलावर आपटला. "काका, तुम्हाला हा पोरखेळ वाटतो? असा एक खोटा आकडा आत गेला तर बाकीच्या सगळ्या कुत्र्यांचा हिशेब बिघडतो! का केलंत हे?"

"ओरडा. अजून ओरडा," तो म्हणाला. "आणि लिहून घ्या, पलंगावर चढते ती. माझ्या बायकोच्या जागेवर चढते. वाट लावलीय चादरीची."

"स्वतः चढली, की तुम्ही ठेवली उचलून?"

"मी कशाला उचलून ठेवू!"

मेहुणीला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. पट्टा या वेळी डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हातात घेतला. म्हातारी पत्र्यावरून गेली, किंचित लंगडत, पण चारही पाय टेकवत. पडद्यावरचा आकडा बघून त्या एवढंच म्हणाल्या, "पिवळी पट्टी. पुढच्या वेळी याच वेळेला या."

संध्याकाळी म्हातारी पलंगापाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तो दारात. चादर बदललेली नव्हती.

"बघतेस काय? घाण तर करून ठेवलीच आहेस. चढ."

तिने पुढचे पाय वर टाकले. मागचे अडखळले. त्याचा हात पुढे गेला आणि त्याने तो मागे घेतला. ती चढली आणि खळग्यात तोंड घालून पडली.

तो बाहेर खुर्चीत जाऊन बसला. थोड्याच वेळात आतून घोरणं ऐकू आलं.

"हळू!" तो ओरडला.

घोरणं काही थांबलं नाही.