चार ते पाच

“मी झोपले, मान्य हाय! पण तू? तू कुठं झोपला होतास?”

सुवर्णा ओरडायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. यंत्रमागांच्या शेडमधले चोवीस लूम थांबले. एरवी तिथे कानाशी ढोल बडवला तरी ऐकू येत नाही, आणि म्हणूनच ती गेले तीन आठवडे रोज तिथे देवाशी भांडत होती. लूमवर काम करणारे एकमेकांचे ओठ बघून बोलतात, त्यामुळे भांडताना ती भिंतीकडे तोंड करायची. आज मात्र सगळ्या शेडने ऐकले.

“भाभी, किसको डाँट रही हो?” मोरूच्या लूमवर नव्याने लागलेल्या कारागिराने विचारले.

“तेरे को नहीं. जा, चाय पी के आ.”

सगळे चहाला गेले. मागे राहिली ठकुबाई. दोघी शेजारशेजारच्या मशीनवर कांड्या भरायच्या, म्हणजे लूमच्या धोट्यासाठी दोरा गुंडाळायच्या.

मोरू सुवर्णाचा नवरा. छत्तीस वर्षांचा धडधाकट माणूस काविळीने नऊ दिवसांत गेला. त्यानंतर घरी जो येई तो देवाची वकिली करून जाई. कोणी म्हणाले, देवाला चांगली माणसे लवकर लागतात. मग आम्ही काय निवडून टाकलेले सडके कांदे? पास्टर केसरीनाथांनी तर कडीच केली. “रविवारी साक्ष दे सुवर्णा. प्रभूने तुला शांती दिली, हे चार लोकांना कळू दे.” शांती! इथे डोक्यात जाळ उठला होता आणि या माणसाला साक्ष हवी होती.

साक्ष द्यायचीच तर एकच होती, आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. टेमघरच्या चाळीतल्या त्यांच्या प्रार्थनाघरात कोणी फार आजारी पडले की साखळी धरतात. रात्रंदिवस, एकेकाने एकेक तास प्रार्थनेला बसायचे, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. मोरूच्या साखळीत सुवर्णाने पहाटे चार ते पाच मागून घेतले होते. दवाखान्यात त्याच्या खाटेला टेकून ती आठ दिवस बसली. नवव्या दिवशी तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते आणि सिस्टर मोरूच्या तोंडावर चादर ओढत होती.

“कवा झोपलीस तू?” ठकुबाईने विचारले.

“माझ्या तासाला. तो गेला त्या दिवशी.” सुवर्णाने हातातली कांडी टोपलीत आपटली. “साखळी माझ्या हातून तुटली, मावशी. जा, सांग पास्टरला. हीच साक्ष देते रविवारी!”

ठकुबाई जागची हलली नाही. “तुज्या आदी कोनाचा तास व्हता?”

“तुझाच की. तीन ते चार.”

“आनि मला घड्याळ कळतं?”

“म्हणजे?” सुवर्णाने विचारले.

“न्हाय कळत. तीनला सून उठवते न परत झोपते मेली. मंग चार कवा वाजलं ते कोन सांगनार? मी आपली बांग होईस्तवर गुडघ्यावर. मशिदीची बांग झाली का आमेन म्हनते न चहा ठेवते. त्या दिशीबी तसंच.”

पहाटेची बांग पाच वाजून गेल्यावर होते. म्हणजे सुवर्णा झोपली तो तासभर ही म्हातारी गुडघ्यावर होती. साखळी तुटलीच नव्हती. क्षणभर सुवर्णाला हलके वाटले, आणि लगेच आधीपेक्षा जास्त संताप आला.

“म्हणजे कोणाचंच काही चुकलं न्हाय? आणि तरी मेला तो?”

“तरी मेला.”

“मग जळो ती साखळी! काय उपयोग तिचा?”

“मला काय म्हाईत? माजी दोन पोरं अशीच गेली. मीबी लय शिव्या घातल्यात त्याला.” ठकुबाईने छताकडे बोट केले. “पन भांडाया तरी दुसरं कोन हाय आपल्याला? त्यो निदान ऐकून घेतो. मधी बोलत न्हाय, पास्टरसारका.”

सुवर्णाला हसू फुटले आणि त्या हसण्यातूनच रडू कोसळले. मोरू गेल्यापासून ती रडली नव्हती. ठकुबाईने तिला जवळ घेतले, पण गप्प हो म्हणाली नाही.

सुवर्णाचे डोळे पुसून झाल्यावर म्हातारी म्हणाली, “आपल्या प्रार्थनाघरातल्या शेलारची बायडी दवाखान्यात हाय. आजपासून साखळी धरतोय. तुजं नाव लिवलंय, चार ते पाच.”

“मला न विचारता?” सुवर्णा भडकली. “आणि पुन्हा झोप लागली तर?”

“लागू दे. मी हाय की बसलेली.”

लाइट आली. माणसे चहा टाकून धावली, एकामागून एक लूम सुरू झाले आणि शेड पुन्हा खडखडाटाने भरली. सुवर्णाने तोंड उघडले. या वेळी ती भिंतीकडे वळली नाही.

“मी अजून रागावलेय तुझ्यावर! पण त्या बायडीला हात लावलास तर बघ!”

ठकुबाईने तिचे ओठ शेवटपर्यंत वाचले, नवी कांडी मशीनवर चढवली आणि आमेन म्हटले.