राहून गेलेला गोल

मी तांबडी बोलतेय. ओळखलं नाहीत? अहो, फोटोवाल्यांची तेलकट पेन्सिल! गुळगुळीत फोटोवर साधी पेन्सिल घसरते, शाई पसरते. मी मात्र लोण्यासारखी उमटते आणि कापसानं पुसली की जाते. मला चाकू लागत नाही. अंगातली दोरी ओढायची, कागदाची साल सोलायची, की मी हजर. लिहिता-वाचता मला येत नाही. बरोबरची खूण आणि चुकीचा गोल, दोन इयत्तांत माझी शाळा आटोपली.

खोड्यांत मात्र माझा पहिला नंबर. कोणी ऐटीत गोल काढायला आलं की ऐन वेळी टोक मोडायचं. नाहीतर घरंगळत टेबलाखाली जायचं. मोठी मोठी माणसं रांगत मला शोधायची, तेव्हा काय मजा यायची म्हणून सांगू!

आता नाही येत. त्या खोडीपायीच घात झाला.

माझे मालक मास्तर. चाळीस वर्षं माणसांचे चेहरे काढले. पुढं स्टुडिओ, मागं घर. मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. घरात मास्तर आणि सूनबाई. सूनबाईनं लग्नानंतर कॅमेरा हातात धरला आणि मास्तरांनी तिला शिकवायला घेतलं.

सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी आठवड्याचे फोटो टेबलावर मांडायचे. आधी सुनेचे, ते सासऱ्यानं बघायचे. मग सासऱ्याचे, ते सुनेनं. नियम मास्तरांचा. आधी बरोबर काय ते सांगायचं, मग चूक, मग उपाय. आणि ज्याचा फोटो असेल त्यानं तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं. समोरच्याचं बोलणं संपलं की मगच गिळायचा.

"माणूस ऐकत नाही गं," मास्तर म्हणायचे, "आतल्या आत उत्तर तयार करत बसतो. म्हणून हे बूच."

पहिल्या सोमवारी सूनबाई गाल फुगवून बसली. मास्तरांनी मला उचललं. "या आजोबांचे हात फार छान घेतलेस, पोरी." खूण. "पण डोक्यातून हे काय उगवलंय? मागच्या पडद्यावरचं झाड? आजोबा आहेत की सांबर?"

फुर्र! सगळं पाणी फोटोवर.

"घ्या, आजोबांची आंघोळ पण झाली," मास्तर म्हणाले. सून हसता हसता रडायला लागली. त्यांनी टॉवेल पुढं केला. "उपाय सोपा आहे. स्टूल वीतभर डावीकडं घे. आणि एक ध्यानात धर, फोटो चुकलाय. तू नाही चुकलीस."

अशी शिकली ती. हनुवटी कुठं ठेवायची, डोळ्यांत खिडकीचा उजेड कसा आणायचा, लाजऱ्या माणसाला कसं बोलतं करायचं. माझे गोल कमी झाले, खुणा वाढल्या. मी झिजत गेले, पण सुखानं.

मग मास्तरांचे डोळे गेले. एकदम नाही, चोरपावलानं. जुना कॅमेरा, भिंग हातानं फिरवून नेम धरायचा. मास्तरांचा नेम डोळ्यांवरून सरकून कानावर जायला लागला. फोटोत कान लख्ख आणि डोळे धुरकट. सूनबाईला पहिल्याच फोटोत कळलं. मलाही कळलं, मी काय आंधळी आहे?

त्या सोमवारी मास्तर गाल फुगवून बसले. सुनेनं मला त्या धुरकट डोळ्यावर आणलं. आणि मला, करंटीला, खोडी सुचली. कट्! टोक मोडलं, घरंगळले टेबलाखाली.

मला शोधून ती वर आली तेव्हा तिचा धीर सुटला होता. "बाबा, पडद्याला सुरकुती आहे," म्हणाली आणि सुरकुतीला गोल केला. मास्तरांनी पाणी गिळलं. "एवढंच?"

"एवढंच."

मग दर सोमवारी तेच. कधी सुरकुती, कधी शर्टाचं बटण. डोळे तेवढे सोडून सगळीकडं मी फिरले.

पुढं मास्तरांची थोरली बहीण आली. अक्का. दम्यानं पार वाळली होती. चार दिवस राहून मंगळवारी पहाटे परत लेकाकडं जायची होती. मास्तर हटूनच बसले, "अक्काचा फोटो मीच काढणार." अकरा फोटो काढले.

सोमवारी अकराही टेबलावर. अकराही धुरकट. आत अक्का शेंगा सोलत बसली होती, खोकल्याचा आवाज येत होता. म्हणजे अजून सबंध दिवस हातात होता! स्टूल तिथंच, उजेड तसाच. नुसतं बोलायचा अवकाश.

मास्तर पाणी धरून बसले. सुनेनं मला उचललं, एका डोळ्यापाशी नेलं. मी जीव मुठीत धरला. टोक घट्ट केलं. म्हटलं, काढ गं बाई! आज मोडले तर चुलीत घाल मला, पण काढ!

तिनं खूण केली. अकराही फोटोंवर. "सुंदर आलेत, बाबा."

मास्तर लहान पोरासारखे हसले.

त्यातला एक फोटो घेऊन अक्का गेली. दीड महिन्यानं कायमची गेली. भाच्याचा फोन आला, मास्तरांनीच घेतला. पलीकडचा आवाज टेबलापर्यंत येत होता. "मामा, आईचा दुसरा फोटो आहे का हो? मोठा करायला दिला, तर म्हणतात डोळेच दिसत नाहीत. कानातलं मात्र काय लख्ख दिसतंय!"

मास्तरांनी फोन ठेवला. सुनेला हाक मारली. तांब्यातून स्वतः पाणी ओतलं.

"घे घोट."

तिनं घेतला. त्यांनी चाचपडत मला शोधलं, अक्काचा फोटो पुढं ओढला.

"बरोबर काय? म्हाताऱ्याचं मन जपलंस." खूण केली, वेडीवाकडी.

"चूक काय? म्हाताऱ्याचं मन जपलंस." त्याच खुणेभोवती गोल केला.

"आणि उपाय..."

मला असं दाबलं की कागद फाटला. "उपाय..." पुन्हा म्हणाले. मग मला ठेवून भिंत धरत आत गेले.

सून तशीच बसली. डोळ्यांतलं पाणी वाहत होतं आणि तोंडातलं तोंडातच. बोलणं संपल्याशिवाय गिळायचं नाही ना? ते संपलंच नव्हतं.

त्याला आता वर्ष झालं. मास्तर कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. सूनबाई एकटी काम करते, पण सोमवारी टेबल रिकामं. दोघं एका पंगतीला बसतात आणि मीठ वाढ, एवढंच बोलतात. मी खणात पडलेय, त्या फाटक्या फोटोशेजारी. नखाएवढी उरलेय.

सूनबाई, ऐकतेस का? एकदा खण उघड. तुझा एखादा फोटो घेऊन त्यांच्यापुढं बस. दिसत नाही त्यांना, तर तू तोंडानं सांग: उजेड इकडून आहे, मान अशी आहे, इथं माझं चुकलंय. मग तांब्या भर आणि घोट घेऊन थांब. मास्तरांना पुन्हा "उपाय" म्हणू दे गं. या खेपेला त्यांच्याकडं असेल.

मी मोडणार नाही. शपथ. आता मोडायला टोकही नाही, ओढायला दोरीही नाही. पण एक गोल निघेल, एवढी मी अजून आहे.