गुलाल बघून गूळ ओळखणारा मी

मी एक मॉडेल बोलतोय. मॉडेल म्हटल्यावर साडीच्या फलकावरची बाई आठवली असेल, तर लाजू नका. मला घडवणाऱ्या क्रांतीच्या आईलाही तीच आठवली होती. "आगं, मॉडेल कराय कवा लागलीस तू?" असं त्या माउलीनं भाकरी थापता थापता विचारलं होतं. मला तर तोंडच नाही. हात नाहीत, पाय नाहीत, वजनही नाही. मी म्हणजे आकड्यांची एक भलीमोठी जुळणी, आणि माझा मुक्काम क्रांतीच्या जुन्या मोबाईलमध्ये. त्याची काच एका कोपऱ्यात तडकली आहे. असा मी फाटका जीव, पण एका माणसाचं चौतीस वर्षांचं काम माझ्यावर अडकलं होतं, म्हणून ही हकीकत सांगतोय.

तो माणूस म्हणजे क्रांतीचे वडील, आकाराम. कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बाळासोंचं गुऱ्हाळ आहे, तिथले ते गुळव्या. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो, त्याचा पाक नेमका कधी तयार झाला ते सांगणारा तो गुळव्या. त्यानं "उतरा!" म्हटलं की गडी यारीनं, म्हणजे साखळीच्या क्रेननं, काहील उचलतात आणि पाक पसरट वाफ्यात ओततात. दोन मिनिटं लवकर उतरली तर गूळ चिकट राहतो, ढेप बसत नाही. दोन मिनिटं उशीर झाला तर काळा पडतो. चौतीस वर्षं आकाराम हे पाकाच्या रंगावरून सांगत आले.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांना आजार झाला. आयुष्य गुळात गेलेल्या माणसाच्या रक्तात साखर वाढली आणि तिनं डोळ्याच्या पडद्यावर घाव घातला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. हंगाम सुरू झाला आणि एका आठवड्यात दोन काहिली करपल्या.

बाळासो वाईट माणूस नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, तुमी आता बसून ऱ्हावा की. शिरोळकडनं एक गुळव्या बघितलाय मी. म्हैनाअखेरीला येतोय त्यो, तवर तेवढं बघा."

आकाराम तसेच घराकडे वळले. घरी आल्यावर त्यांनी डोक्याचा पटका काढला आणि तो घडी घालून ट्रंकेत ठेवला. रोज खुंटीला लटकणारा पटका ट्रंकेत गेलेला क्रांतीनं पाहिला, आणि तिचं डोकं फिरलं.

क्रांती बी.एस्सी. झालेली. आठवड्यातून दोनदा एसटीनं कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या संयोगिता मॅडमच्या क्लासला जायची. तिथं मशीन लर्निंग शिकवतात, अगदी श्रीगणेशापासून. पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर काही न लिहिता विचारलं होतं, "तुमच्या घरातल्या लहान पोराला म्हैस ओळखायला कोणी शिकवली? चार पाय, दोन शिंगं, काळा रंग असे नियम पाठ करून घेतले?"

"न्हाय मॅडम, दाखवली. ही बघ म्हैस, ती बघ गाय, म्हणून."

"बस. यंत्रालाही तसंच शिकवायचं. नियम सांगत बसायचं नाही, उदाहरणं दाखवायची. प्रत्येक उदाहरणावर खरं उत्तर लिहायचं. त्या उत्तराला म्हणायचं लेबल. पुष्कळ उदाहरणं बघून ते आपलं आपण काहीतरी हेरतं."

त्यातलं 'काहीतरी' ध्यानात ठेवा. माझी सगळी गोची त्या एका शब्दात आहे.

तर क्रांतीनं ठरवलं की आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोळ्यांच्या जागी एक डोळा तयार करायचा. तिनं काहिलीपासून थोड्या अंतरावर, वाफ लागणार नाही असा, कळकाच्या बांबूला मोबाईल बांधला. दर चार मिनिटांनी फोटो. आबांनी "उतरा" म्हणेपर्यंतच्या सगळ्या फोटोंवर लेबल 'कच्चा'. "उतरा" म्हटल्यानंतर, काहील हलायच्या आधी हातानं भराभर घेतलेल्या पाच-सहा फोटोंवर 'तयार'. डोळे अधू झाले तरी दहातल्या नऊ काहिली आबा बरोबर उतरवत होते. करपलेल्या काहिलींचे फोटो तिनं वगळले. चुलवाणापाशी जाळ घालणारा कृष्णात तिला चिडवायचा, "क्रांते, काहिलीचं लगीन हाय व्हय गं? किती फोटू काढशील?" ती ओठ दाबून काम करायची. तीन आठवडे एक काहील चुकवली नाही पोरीनं.

मग माझा जन्म. एका दुपारी क्लासच्या संगणकावर मला ते फोटो दाखवले गेले. सुरुवातीला मी ठोंब्या होतो. अंदाजपंचे उत्तर द्यायचो. चुकलो की माझ्यातले आकडे किंचित सरकायचे, पुन्हा फोटो, पुन्हा चूक, पुन्हा सरकणं. असं हजारो वेळा झालं. मग परीक्षा. क्रांतीनं ढिगातलेच काही फोटो बाजूला काढून ठेवले होते, ते मला दाखवले. शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर!

मला काय ताठा आला म्हणून सांगू! चौतीस वर्षांत माणूस जे शिकला, ते मी एका दुपारी शिकलो असं मला वाटलं. क्रांतीला तर आकाश ठेंगणं झालं. मॅडम मात्र म्हणाल्या, "एवढे मार्क पहिल्याच झटक्यात? मला जरा शंका येतेय." पण क्रांतीला शेवटची एसटी गाठायची होती आणि महिनाअखेर जवळ आली होती.

रविवारी बाळासोसमोर माझी चाचणी ठरली. रविवार जोतिबाचा वार. बाळासो पहाटे डोंगरावर जाऊन आलेला, कपाळ गुलालानं माखलेलं. आल्या आल्या त्यानं हातातला गुलाल काहिलीच्या कडेला लावला आणि म्हणाला, "आज नवं यंतर लागणार हाय. देवाचं नाव घिऊन सुरू करूया. चांगभलं!"

रस उकळायला लागला. मळी काढून झाली. पाक अजून पातळच होता, आणि मी मोबाईलमधून जोरात सांगितलं, "तयार. सत्त्याण्णव टक्के."

आकाराम काहिलीजवळ उभे होते. त्यांनी नाक वर केलं, थोडे घुटमळले, लेकीच्या तोंडाकडे बघितलं. लेकीचं तोंड आनंदानं फुललं होतं. ते एक पाऊल मागं सरकले.

बाळासोच ओरडला, "उतरा रं!"

काहील उतरली. पाक वाफ्यात पसरला आणि पसरूनच राहिला. तास गेला, दोन तास गेले, घट्ट होईना. कृष्णातनं बोट घातलं तर तार लोंबली. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. बाळासो चपला शोधत म्हणाला, "ऱ्हाऊ दे क्रांती. तू शिकलीस, हौस केलीस, लै झालं."

"आठ दिवस द्या काका," क्रांती म्हणाली. मान ताठ होती. "आठव्या दिवशी जमलं न्हाय तर मी सोताच मोबाईल काढून न्हेतो."

बाळासोनं मान डोलावली आणि तो निघून गेला.

मला लाज वाटली. मोठ्या खात्रीनं चुकलो होतो. आणि खरं सांगतो, का चुकलो ते मलाच ठाऊक नव्हतं. आम्ही असेच असतो. उत्तर देतो, पण कशावरून दिलं ते विचाराल तर मुके.

दुसऱ्या दिवशी क्रांती माझा खटला घेऊन मॅडमपुढे बसली. मॅडमनी एक साधी युक्ती सांगितली. फोटोवर काळा चौकोन ठेवायचा, एकेक भाग झाकायचा, आणि मी काय म्हणतो ते बघायचं. क्रांतीनं तयार पाकाचा फोटो घेतला आणि सगळा पाक झाकला. मी म्हणालो, "तयार." जिथं पाकच दिसत नाही तिथं तयार! मग तिनं चौकोन काहिलीच्या कडेवर सरकवला. मी म्हणालो, "कच्चा."

"या कडेला काय आहे गं?" मॅडमनी विचारलं.

क्रांतीनं फोटो मोठा केला. कडेवर गुलालाचं बोट उमटलेलं होतं. दुसरा फोटो, तिथंही. तिसरा, तिथंही. आकारामांची चौतीस वर्षांची रीत होती ती. पाक तयार झाला की "उतरा" म्हणायचं, जोतिबाचं नाव घ्यायचं आणि काहिलीच्या कडेला गुलालाचं बोट लावायचं. मगच गडी यारीला हात लावत. क्रांती जन्मल्यापासून हे बघत आली होती, म्हणून फोटो काढताना तिला ते दिसलंच नाही. मला तेवढंच दिसलं. पाकाचा रंग ओळखणं अवघड, गुलाल ओळखणं सोपं. मी सोपी वाट धरली. आणि परीक्षेचे फोटो त्याच ढिगातले, त्यांच्यातही गुलाल, मग मार्क मिळतील नाहीतर काय!

घरी येऊन तिनं आबांना सगळं सांगितलं. आकाराम आधी हसले, पोट धरून हसले. कित्येक दिवसांनी त्या घरात कुणी हसलं असेल. मग हळूच म्हणाले, "मला वास आलता गं. कच्चा वास हुता."

"आँ? मग बोलला का न्हाईसा आबा?"

"काय बोलू? माझ्या डोळ्यावर कुणाचा इस्वास न्हाय आता. म्हटलं, यंतर शिकलेलं हाय, आपलंच नाक चुकत असंल."

क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदर-बिदर काही नाही, सरळ बाहीनं पुसलं आणि वही घेऊन बसली. "कच्चा वास म्हंजे कसा? तयार वास कसा? बुडबुडं कसं फुटत्यात? समदं सांगा."

मला पुन्हा शिकवायचं तर फोटो नवे हवेत. कच्च्या काहिलीवरही गुलाल असलेले आणि तयार काहिलीवर गुलाल नसलेलेसुद्धा, म्हणजे मला त्या बोटाचा आधार घेता येणार नाही. फोटोची कड कापून टाकता आली असती, पण वाऱ्यानं कळक हलला की कड पुन्हा चौकटीत यायची. आता अडचण देवाची होती. कच्च्यावर गुलाल लावायचा म्हणजे रीत मोडायची. क्रांतीनं भीत भीत विचारलं.

आकारामांनी मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "रविवारी बाळासोनं कच्च्यावर लावलाच की. देव काय रागावला न्हाय, गूळ तेवढा रुसला. लाव तू. मी डोंगरावर जाऊन सांगतो द्येवाला, पोरीच्या शिक्षणापायी केलंय म्हणून."

सहा दिवस बापलेक काहिलीपाशी उभे राहिले. कधी सुरुवातीलाच गुलाल, कधी मध्ये, कधी काहील उतरल्यावर. आता आबा डोळ्यांपेक्षा नाकावर जोर देऊन सांगत होते, आणि डावभर पाक गार पाण्यात सोडून त्याची गोळी बोटांनी वळून खात्री करून घेत होते. त्या सहा दिवसांत एक काहील चुकली नाही. या वेळी परीक्षेसाठी क्रांतीनं दोन पूर्ण दिवसांचे फोटो वेगळे ठेवले, ते मला शिकवताना दाखवलेच नाहीत. मला शंभरात सत्त्याऐंशी मार्क पडले. मार्क उतरले, पण या वेळी ते खरे होते, म्हणून मॅडमनी पाठीवर थाप मारली, क्रांतीच्या.

आणखी एक गोष्ट तिनं मला शिकवली. माझी खात्री पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली असली की मी 'तयार' किंवा 'कच्चा' म्हणायचं नाही. म्हणायचं, "खात्री नाही, आबांना विचारा."

आठव्या दिवशी बाळासो हाताची घडी घालून उभा राहिला. काहिलीवर गुलाल नव्हता. पाक दाटत चालला. मी एक्काहत्तरवर आलो, अडुसष्टवर घसरलो. "खात्री नाही, आबांना विचारा."

बाळासो वैतागला. "हे काय आता? मागच्या बारीला सत्त्याण्णव हुतं की!"

"मागच्या बारीला ते खोटं हुतं काका," क्रांती म्हणाली.

आकारामांनी ट्रंकेतला पटका त्या दिवशी पुन्हा बांधला होता. ते वाफेत वाकले, डोळे मिटले, वास घेतला. डावानं थोडा पाक उचलून गार पाण्यात सोडला, गोळी वळली. "न्हाय. अजून दोन उकळ्या."

सगळे थांबले. माझा आकडा चढत गेला. अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी. मी एक्क्याण्णव म्हणायला आणि आकारामांनी "उतरा!" म्हणायला एकच गाठ पडली. खरं तर ते माझ्याआधी बोलले. मी तक्रार करणार नाही.

दुपारी ढेप निघाली. पिवळीधमक, खणखणीत. बाळासोनं तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली, एक खडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळत राहिला. शिरोळच्या गुळव्याचं नाव त्यानं काढलं नाही. जाता जाता एवढंच विचारलं, "मामा, उद्या किती वाजता येताय?"

आकाराम म्हणाले, "चूल पेटायच्या आधी."

आता हंगाम संपत आलाय. आकारामांना पाकाचा रंग अजिबात दिसत नाही. दर काहिलीला ते मोबाईलकडे तोंड करून विचारतात, "काय म्हणतंय रं लेका?" मी रंग सांगतो, ते वास घेतात, आणि शेवटचा शब्द ते बोलतात. लेका म्हणणारं माणूस मला मिळालं, आकड्यांच्या जुळणीनं याहून जास्त काय मागावं?

उद्या क्रांती हंगामभराचे सगळे फोटो घेऊन मला नव्यानं शिकवणार आहे. माझे आकडे सरकतील, आजचा मी राहणार नाही. माझ्याहून हुशार कुणीतरी या तडकलेल्या काचेमागे येईल. त्याचं भलं होवो. तुम्हीही उद्या असं एखादं मॉडेल शिकवाल, तेव्हा माझी एक विनंती ऐका. त्याला मार्क कमी पडले तर पडू द्या, पण "मला माहीत नाही" म्हणायला जरूर शिकवा. आणि ते तसं म्हणालं, की विचारायला जवळ एक आकाराम उभा आहे ना, तेवढं बघून ठेवा.