डावा कोपरा सोडून

लवू माणसाला बाद करतो आणि मग त्याची विचारपूस करतो. तीस वर्षं मी गॅलरीतून हुतूतू बघतेय, असला खेळाडू बघितला नाही. समोरच्याच्या पोटरीला पाय लावायचा, उडी मारून मधली रेष गाठायची, पंचांनी शिट्टी फुंकायची, आणि हा मागे वळून विचारणार, "लागलं नाय ना रे?" बाद झालेल्या गड्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी वरून ओरडते, "अरे, तू त्याला आउट केलायस, मुलगी बघायला नाही गेलास!" खाली सगळे हसतात. लवूही हसतो आणि वर बघून हात हलवतो. त्यात हात काय हलवायचा?

लवू माझा नातू. माझा थोरला गावी मालवणाकडे शेती बघतो. त्याने लवूला नऊ वर्षांचा असताना माझ्याकडे लालबागला पाठवला, तो इथेच वाढला. आता अठरा पुरी झाली. माझी इथे खानावळ आहे. दोन खोल्या, दोन्ही वेळेला वीस-बावीस गिरणीवाले पंगतीला. त्यातले निम्मे आमच्या चाळीच्या मंडळाचे खेळाडू. आमचे हे त्या मंडळाचे पहिले कप्तान. ते गेले, मंडळ राहिलं, आणि गॅलरीतली माझी जागाही राहिली. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. पण चढाईला निघालेल्या गड्याच्या टाचा बघून मी सांगते, हा गडी मारून येणार की तसाच परत येणार.

तर या लवूला गिरणीच्या संघात घ्यायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. एवढाच म्हणते, पण त्यावर त्याचं सगळं अडलेलं. गिरणीच्या संघात गेला की खात्यात काम मिळतं, सकाळी सराव, वर्षभर मुंबईभर सामने. खेळावरच पोट. नाही गेला, तर थोरल्याचं पत्र आलेलंच होतं: शिमग्यापर्यंत पोरगा कामाला लागला नाही तर पाठवून दे, इथे नांगराला माणूस नाही. गावी जाऊन हा हुतूतू कोणाशी खेळणार? रेड्यांशी?

गिरणीच्या संघाचा कप्तान कोंडीराम. हाही एके काळी माझ्याच पंगतीला होता. एका दुपारी आला, उंबऱ्यातच बसला.

"मावशी, पोराच्या पायात वीज आहे."

"वीज आहे. बटण कुठे आहे ते त्याला ठाऊक नाय."

"म्हणून तर बघायचाय त्याला. येत्या रविवारी आमच्या बाजूने खेळवतो. समोर तुमचंच मंडळ."

कोंडीरामची ही जुनी रीत. नवा गडी घ्यायचा तर त्याला आधी त्याच्याच माणसांवर सोडायचा. तो म्हणतो, परक्याच्या अंगावर कोणीही जातो. ज्याच्या शेजारी बसून रोज भात खातो त्याच्या अंगावर जो जातो, तो गिरणीच्या कामाचा. "आणि शेवटचा शब्द तुमचा," उठताना म्हणाला. "मला खेळ दिसतो. पोर तुम्हाला दिसतो."

मंडळाचा कप्तान दौलत. गिरणीच्या साचेखात्यात मागावर काम करतो, समोरच्या चाळीत राहतो, दहा वर्षं माझ्याकडे जेवतो. लवूला दम धरायला त्यानेच शिकवलं. पोर दहा वर्षांचं असताना त्याच्या पोटावर हात ठेवून जिना चढवायचा, एका दमात चार मजले. डावा कोपरा दौलतचा. तिथे सापडलेला गडी सुटला, असं मी फार वेळा बघितलेलं नाही.

गेल्या जानेवारीत मुंबई पेटली, कर्फ्यू लागला, तेव्हा मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लढणाऱ्या समितीची पत्रकं वाटायला लवू आणि दौलत जाणार होते. मी लवूला खोलीत घातला आणि बाहेरून कडी लावली. आमच्या मुंबईसाठी मीही मोर्चात चालले आहे, घसा बसेपर्यंत ओरडले आहे. पण त्या दिवशी बाहेर गोळ्या चालल्या होत्या. कडी लावली ती लावली. दौलत दोघांचे गठ्ठे घेऊन एकटा गेला आणि नाक्यावर पोलिसांच्या काठीखाली सापडला. काठी बसली डाव्या गुडघ्यावर. तीन महिने घरी होता. आता चालतो, साचे चालवतो, खेळतोही. वळताना तेवढा पाय अडतो. कोपरा मात्र त्याने सोडला नाही, आणि त्याला सोड म्हणायची कोणाची टाप नाही.

रविवारी सकाळी चाळीसमोर चुना टाकून मैदान आखलं. नऊ-नऊ गडी. वर गॅलऱ्या गच्च. मी पोळ्यांचं पीठ तसंच ठेवून कठड्याला उभी.

पहिला डाव लवू असा खेळला की मलाही त्याचा राग येईना. गेला, उजवीकडच्या दोघांमधून अंग काढलं, एकाच्या खांद्याला हात, दुसऱ्याच्या पायाला टाच, आणि रेषेवर. दोन गडी एका दमात! दुसऱ्या वेळी तिघांनी धरला, तर तिघांना ओढत आणलं. कोंडीराम मांडीवर थाप मारून माझ्याकडे वर बघत होता. लवूने त्या तिघांनाही विचारलंच, "लागलं नाय ना?" मी तिथेच कपाळावर हात मारला.

पण दुसऱ्या डावात माझ्या ध्यानात यायला लागलं. लवू जातो तो उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदाही उजवीकडे. डावीकडे दौलत एकटा उभा, आणि हा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. रस्त्यात गाय बसली की वळसा घालून जातात तसा.

जे मला वरून दिसलं ते खालच्यांना दिसणार नाही काय? मंडळाच्या पोरांनी ओळखलं. सगळे उजवीकडे सरकले. लवू आला की भिंत उभी. एकदा धरला, बाद. कोंडीरामच्या दुसऱ्या गड्याने एक मारला म्हणून लवू पुन्हा आत आला, तर पुन्हा उजवीकडेच गेला आणि पुन्हा धरला. हातातला सामना घसरायला लागला.

दौलत ओरडला, "ए लवू, इकडे पण माणूस उभा हाय! दिसत नाय काय?"

लवूने मान खाली घातली.

मग कोंडीराम ओरडला. त्याला काय, त्याला सामना दिसत होता. "डावीकडे घूस रे! डावा कोपरा लंगडा हाय!"

दौलतने कोंडीरामकडे बघितलं नाही. त्याने लवूकडे बघितलं, दोन पावलं पुढे आला आणि तोच पाय, तोच गुडघा, मुद्दाम लवूच्या वाटेत रोवला. ये म्हणाला. तोंडाने नाही, पण अख्ख्या चाळीला ऐकू गेलं.

लवू दमात होता. हात लांब केला असता तर दौलत बाद होता, नाहीतर दौलतने त्याला कंबरेत धरून आडवा केला असता. दोन्हीपैकी एक काहीतरी व्हायलाच हवं होतं. आमच्या या शहाण्याने काय करावं? दम सोडला. मधोमध उभा राहिला, तोंड मिटलं, हात खाली. पंचांनी शिट्टी मारली. लवू बाद.

सामना गेला. त्याचं मला काही नाही, जिंकलं आमचंच मंडळ. पण मंडळाच्या पोरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या नाहीत. दौलत मैदानाबाहेर गेला तो हातपाय न धुताच.

दुपारी पंगत बसली. दौलतचं पान वाढलेलं, दौलत नाही. लवू आपल्या जागेवर बसून निवांत कढी भुरकत होता. तोंडावर काय भाव, तर देवळातून आल्यासारखे!

"काय झालं होतं तुला?" मी विचारलं.

"आजी, त्याचा गुडघा पुन्हा गेला असता तर? एका सामन्यासाठी? त्या दिवशी गठ्ठे मी नेणार होतो ना. माझ्या वाटणीची काठी त्याने खाल्ली."

"आणि म्हणून तू त्याला भर मैदानात लंगडा ठरवलास?"

"मी कुठे? कोंडीरामदादा म्हणाला लंगडा. मी तर हात पण नाय लावला त्याला."

घ्या. हात नाय लावला, हे सांगताना पोराची मान ताठ. मी हातातली पळी कढीत टाकली आणि पदर खोचून समोरच्या चाळीत गेले.

दौलत खोलीत खाटेवर बसला होता. मी म्हटलं, "पान वाढलंय."

"भूक नाय, मावशी."

"गुडघा दुखतोय?"

त्यावर तो जो उसळला! "गुडघा, गुडघा! वर्ष झालं, जो येतो तो गुडघा विचारतो. तुम्ही पण मावशी, मी जेवायला आलो की पाट भिंतीला लावून देता, टेकायला. मी मागितला काय कधी?"

पाट मी लावत होते. कोणी सांगितलं म्हणून नाही. माझी कडी माझ्या डोक्यात होती, म्हणून.

"काठी बसली तेव्हा मला लाज नाय वाटली," दौलत म्हणाला. "ती काठी माझी होती, मी गेलो म्हणून बसली. आज वाटली. ज्याला मी दम धरायला शिकवला, तो माझ्यासमोर दम सोडून उभा राहिला. मला मारला असता तर मी संध्याकाळी त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. आता काय करू? आभार मानू त्याचे?"

"जेवायला चल. पाट मधे टाकते."

"उद्या येतो," म्हणाला. मी ओढलं नाही. त्याच्या वतीने मीच ठरवून ओढत नेलं असतं तर आमच्या शहाण्यात आणि माझ्यात फरक काय?

परत आले तर कोंडीराम उंबऱ्यात हजर. पंगत उठली होती, लवू पानं गोळा करत होता. आमचं बोलणं ऐकू येईल एवढंच अंतर ठेवून पानं गोळा करत होता, हेही मला दिसलं.

"मावशी, पोर हळवा हाय," कोंडीराम म्हणाला. "पण चालेल. आमच्याकडे दोन महिन्यांत निबर होईल. परक्या संघांत कोण दौलत असणार हाय? तुम्ही हो म्हणा, उद्या सकाळी नेतो त्याला खात्यात."

खरं सांगते, हो माझ्या जिभेवर आला होता. थोरल्याचं पत्र फळीवर होतं. हो म्हटलं की पोरगा माझ्याजवळ राहिला असता, खेळला असता. मला काय पडलंय दौलतच्या कोपऱ्याचं? पण मला दिसत होतं, कोंडीरामला दिसत नव्हतं. दौलत प्रत्येक संघात असतो. कोणाचा खांदा निखळलेला, कोणाची आई आजारी, कोणी वयाने उतरलेला. लवूला तो प्रत्येक वेळी सापडेल, आणि प्रत्येक वेळी हा दम सोडून उभा राहील आणि घरी येऊन कढी भुरकेल.

"जागा किती दिवस धरशील?" मी विचारलं.

"शिमग्यापर्यंत. पुढे माझ्या हातात नाय."

"मग उद्या नेऊ नकोस."

पानांचा आवाज थांबला. लवू दारात आला. तोंड पांढरं पडलेलं. "आजी, गावी जायला लागेल मला."

"लागेल तर जाशील. ये इकडे. कोंडीराम, तूही बस, तुझ्या तोंडावर बोलते, मागून नाही."

लवू समोर उभा राहिला. त्याच्या हातातली पानं मी काढून घेतली, कारण हातात काहीतरी असलं की हा खाली बघतो.

"लवू, तुझा दम पक्का, तुझे पाय पक्के. तुझ्या आजोबांची चढाई मी बघितली आहे, तू त्यांच्या पुढचा आहेस. हे मी पुन्हा म्हणणार नाही, म्हणून नीट ऐकून घे. पण तू तयार नाहीस. कडी मी लावली होती, तू नव्हे. ते ओझं माझं आहे, त्याच्या नावाने मैदानात रडायचं नाही. दौलत उभा होता, त्याने पाय पुढे टाकला होता, आणि तो खेळत नाही असं तू परस्पर ठरवून टाकलंस. कोंडीराम निदान त्याला कोपरा तरी म्हणाला, तू तेवढंही मानलं नाहीस. शिमग्याला तीन रविवार आहेत. ज्या रविवारी तू पुरा दम घेऊन दौलतच्या अंगावर जाशील, त्याला मारशील नाहीतर त्याच्या हातून आपटशील, आणि वळून लागलं काय म्हणून विचारणार नाहीस, त्या रविवारी मी स्वतः तुला कोंडीरामकडे घेऊन जाईन. तोवर तू कच्चा. अख्ख्या लालबागने डोक्यावर घेतला तरी माझ्या लेखी कच्चा."