दयाळ एक, सात वाजून बारा मिनिटं

माझी सायकल एकदा चोरीला गेली आणि तीन दिवसांनी एकटीच घरी परत आली, हे मी गल्लीत इतक्यांदा सांगितलंय, की लोक अजून त्या सायकलची तब्येत विचारतात. गल्लीत माझं नाव थापाकाका. थाप अशी मारावी की ऐकणाऱ्याचं काही जाऊ नये आणि सांगणाऱ्याला चहा मिळावा, हा माझा जन्माचा नियम. तो मी एकदाच मोडला, आणि तोही घरातच.

बायको माझ्या अगदी उलट. चौतीस वर्षं ती वजनकाट्यावर कारकून होती. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, ही आकडा वाचायची, पावती फाडायची. पाच किलो इकडचे तिकडे कर म्हणून लोकांनी हात जोडले, दमही दिले. ही बधली नाही. निवृत्त झाली आणि महिनाभरात घरातले डबे तोलायला लागली. तेव्हा कुणीतरी तिला पक्षीगणनेचा फॉर्म आणून दिला, आणि डबे सुटले.

काम साधं होतं. दर रविवारी सकाळी सात ते आठ आपल्या बागेकडे बघत बसायचं. कुठलं पाखरू आलं, किती आली, ते लिहायचं. एका नजरेत एकदम दिसतील तेवढीच धरायची, नाहीतर एकच चिमणी सहा वेळा येऊन सहा चिमण्या व्हायच्या. एकही आलं नाही तर शून्य लिहायचं. असे फॉर्म हजारो घरांतून संस्थेकडे जायचे, आणि तिथली शहाणी माणसं त्यावरून कुठलं पाखरू वाढतंय आणि कुठलं चाललंय ते सांगायची. बायकोला याहून मोठी नोकरी कुणी दिली नसती. फॉर्म पाठवण्याआधी ती सगळं एका वहीत उतरवून घ्यायची.

मी एकदा म्हटलं, "अगं, बारा चिमण्या होत्या. तू अकराच लिहिल्यास."

"बारावी भिंतीपलीकडे होती."

"शेपटी अलीकडे होती की."

"शेपटीला रकाना नाही," ती म्हणाली.

अशी आठ वर्षं गेली. मग ती न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला, आणि आतल्या खोलीत खाटेवर पडली ती पडलीच. त्या खोलीच्या खिडकीतून फक्त शेजारची भिंत दिसते. मी म्हटलं, वही तुझी, डोळे माझे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगायचो, ती आत लिहायची.

त्याच वर्षी मागच्या भिंतीपलीकडे धान्याचं गोदाम झालं. सांडलेल्या दाण्यांवर चिमण्या तुटून पडल्या. दोन महिने मला मोजायला हातापायांची बोटं पुरेनात. मग गोदामवाल्यानं किडीसाठी पांढरी पूड टाकायला सुरुवात केली. वारा सुटला की ती आमच्या जास्वंदीवर येऊन बसायची. एका सकाळी जास्वंदीखाली तीन चिमण्या दिसल्या, पाय वर करून पडलेल्या. खुरप्यानं खड्डा केला आणि पुरल्या. पुढच्या आठवड्यात चार. मग एक बुलबुल, डोळे उघडे ठेवून. मी रोज सहाला उठून बाग झाडायला लागलो. बायको म्हणाली, म्हातारपणी का होईना, शिस्त लागली.

मग तो रविवार आला. सात वाजले, सव्वासात, साडेसात. बागेत पान हलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते की हिनं खाल्लं पाहिजे, आणि ही आठवडाभर ताट परत पाठवायची. फक्त रविवारी वही मिटली की दोन घास खायची.

"काय हो, झोपलात का?" आतून आवाज आला. "अजून काहीच कसं नाही?"

लहानपणापासून मला पाखरांचे आवाज काढता येतात. दोन बोटं जिभेखाली घातली आणि बुलबुल काढला. एकदम झकास.

"बुलबुल," ती आतून म्हणाली. "एकच?"

"जोडी आहे," मी म्हणालो.

त्या दिवशी तिनं पोळी मागून घेतली. मग मी कशाला थांबतोय? तीन वर्षं दर रविवारी मी त्या खिडकीत उभा राहून चिमण्या, तांबट, शिंजीर, दयाळ, जे सुचेल ते वाजवत होतो. एकदा तीस चिमण्या मातीत अंघोळ करतायत याचं वर्णन मी अर्धा तास केलं. कुठली धीट, कुठली भांडकुदळ, कुठलीचा नुकतंच लग्न ठरल्यासारखा नखरा. बायको हसून हसून खोकली. दुसऱ्या दिवशी तिनं इतके दिवस टाळलेल्या ऑपरेशनला हो म्हटलं. त्यानं चालता काही आलं नाही, पण बसता येऊ लागलं.

संस्थेची बाई आली ती थंडीत. तिशीची, गळ्यात दुर्बीण, पायात चिखलाचे बूट. खाटेशी बसली आणि म्हणाली, "काकू, तुमची बाग मला बघायचीच होती. या गोदामाच्या आसपास आमची सतरा घरं मोजणी करतात. सोळांचे आकडे शून्यावर आलेत. तुमच्याकडे मात्र पाखरं वाढतायत. आणि दयाळ तर ऐन थंडीत गातोय."

"मी तसा शेरा मारलाय," बायको म्हणाली. "ऋतू सोडून, म्हणून."

"तोच वाचून आले. थंडीत दयाळ गात नाही, काकू. फार तर चिरकतो."

आवाज काढणाऱ्यानं आधी पंचांग बघायला हवं होतं.

"आमच्याकडचा जरा उलट्या खोपडीचा आहे," मी म्हणालो.

बाई हसली नाही. म्हणाली, "काका, गुरुवारी नगरपालिकेत बैठक आहे. सोळा घरांच्या जोरावर आम्ही ती पूड बंद करायला सांगतोय. गोदामवाल्यानं उत्तरात तुमच्या आकड्यांचा कागद लावलाय. भिंतीला सगळ्यात जवळचं घर तुमचं, आणि पाखरं सगळ्यात जास्त तुमच्याकडे. मग पुडीचा काय दोष, असं तो विचारतोय."

बायको म्हणाली, "आकडा जो आहे तो आहे. कुणाच्या बाजूनं पडतो ते काट्यानं बघायचं नसतं. रविवारी या, आणि स्वतः बसून बघा."

रविवारी बाई पावणेसातला हजर. मी आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलांवर बसलो. आत बायको पाठीला उशी लावून वही उघडून बसलेली. सात वाजले. बाहेर जास्वंदीवर पांढरी पूड, खाली माझी खुरपणी केलेली माती. बाकी काही नाही. सात वाजून दहा झाले.

"काय हो?" आतून आवाज आला. "पाहुण्या आल्यात म्हणून लाजली का पाखरं?"

मी ठरवून काही केलं नाही. तीन वर्षांची सवय ती. तिचा आवाज आला आणि बोटं आपोआप तोंडात गेली. दयाळाची लांब शीळ, शेवटच्या गिरकीसकट.

बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आतून ऐकू आलं, "दयाळ एक, सात वाजून बारा मिनिटं." मग पेनाची खरखर.

बाई हळू आवाजात म्हणाली, "कधीपासून?"

"तीन वर्षं. ती पडली त्यानंतर."

"आणि खरी पाखरं?"

मी जास्वंदीखाली बोट दाखवलं. "एकोणचाळीस चिमण्या, सहा बुलबुल, एक तांबट. पुरलेली मी मोजलीत. मेलेली धरायची नसतात ना?"

तिनं पिशवीतून फॉर्म काढला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. मागच्या बाजूला रकाना होता, मेलेली आढळलेली पाखरं. तीन वर्षं फॉर्म पाकिटात मीच घालत होतो. कागदाची दुसरी बाजू बघायचं डोक्यात आलं नाही.

"हे तेव्हाच कळवलं असतंत तर दोन वर्षांपूर्वी पूड बंद झाली असती, काका."

"आता कळवतो."

"आता तुमच्या सांगण्याला काय धरू?" ती म्हणाली. "ज्या घरात एक नोंद रचलेली सापडते, त्या घराची सगळी वही बाद होते. पहिल्या दिवसापासून."

"पहिली आठ वर्षं तिच्या डोळ्यांची आहेत. मी सांगतो ना."

"तुम्ही सांगताय, तीच तर अडचण आहे."

नोंदणी बायकोच्या नावावर होती. गुरुवारच्या आत कागद मागे घ्यायचा तर सही तिची हवी होती. सही घ्यायची तर आधी सांगायला हवं होतं. अकरा वर्षांत तिच्या हातात दुसरं काही राहिलं नव्हतं, ती वही सोडली तर. बाई म्हणाली, मी सांगू का? मी म्हटलं, नको. आयुष्यभर तोंड चालवलं, आता मागे कुठे घेऊ?

आत गेलो, खाटेच्या कडेला बसलो आणि सांगितलं. मध्ये एकही विनोद केला नाही. विनोद नाही, हेच तिला आधी कळलं असावं, कारण मी अर्ध्यावर आलो तेव्हाच तिनं पेनाला टोपण लावलं होतं.

"बुलबुलाची जोडी?" तिनं विचारलं.

"नव्हती."

"शिंजीर?"

"नाही."

"त्या तीस चिमण्या?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी मी ऑपरेशनला हो म्हटलं," ती म्हणाली. मला म्हणाली नाही, भिंतीला म्हणाली.

बाई दारात उभी होती. म्हणाली, "काकू, मी वर बोलून बघते. पहिली आठ वर्षं तरी राहू द्या म्हणून."

"कशाला?" बायको म्हणाली. "पारड्याखाली चुंबक लावलेला काटा सापडला, तर मी आदल्या दिवसाचं वजन मान्य केलं नसतं. कधी लावला, हे लावणारा सांगतो म्हणून ऐकायचं का?"

तिनं वही पहिल्या पानावर उघडली आणि रेघ मारायला सुरुवात केली. पट्टी लावून, पानामागून पान. पहिल्या आठ वर्षांची पानंही. बाई म्हणाली, एक सही पुरते, काकू. बायको थांबली नाही. वही मांडीवरून घसरायला लागली तेव्हा मी ती धरायला पुढे झालो. तिनं वही आपल्याकडे ओढून घेतली. मग बाईनं धरली.

गुरुवारी गोदामवाल्यानं लावलेला आमचा कागद मागे घेतला गेला. मेलेल्यांचा माझा आकडा कुणी धरला नाही, पण सोळा घरं पुरली. पूड बंद झाली. पाखरं आली नाहीत. बाई म्हणाली, मातीतून ती जायला वेळ लागतो.

बायकोनं नवी वही मागवली. पण डोळे बदलले. शेजारची शिवणकाम करणारी बाई आता रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते. बिचारीला चिमणी आणि साळुंकी यांतला फरक चित्र दाखवून शिकवावा लागला. सात ते आठ मला आत यायला बंदी. त्या वेळात मी पुढच्या पायरीवर बसतो. जाणारे-येणारे विचारतात, काय थापाकाका, बाहेर काढलं का? मी म्हणतो, फाटकावर पहारा आहे.

बाकी बायको माझ्याशी बोलते. औषध द्या, दिवा लावा, पाय दुखतो. एवढंच. जेवण पुन्हा कमी झालंय.

नव्या वहीत अठ्ठावीस रविवार झाले. सगळे शून्य.

मागच्या रविवारी मी पायरीवर बसलो होतो. साडेसात झाले असतील. फाटकाच्या वरच्या दांडीवर एक बुलबुल येऊन बसला. तुरा उभा, बुडाखाली लाल. बारीक झालेला, पण जिवंत. फाटक बागेतच धरतात, तो नियम मला माहीत आहे. मी हललो नाही. मग उठलो, आणि बंदी मोडून आत गेलो.

"फाटकावर बुलबुल आहे," मी म्हणालो. "एक."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "काय गं, तुला दिसला का?"

"नाही मावशी," शिवणवाली म्हणाली. "इथून फाटक दिसत नाही. जाऊन बघू?"

"खिडकी सोडू नकोस. अजून वीस मिनिटं आहेत."

"अगं, आवाज नाही काढला मी," मी म्हणालो. "आहे तिथं."

"असेल," ती म्हणाली.

आठ वाजता तिनं तारीख घातली आणि समोर शून्य लिहिलं. मी बाहेर आलो. तो अजून फाटकावरच बसला होता.