तहानलेल्यांचं पाणी

सरांना जाऊन महिना झाला आणि प्रयोगशाळेच्या दारातला रांजण फुटला. कुणीतरी म्हणालं, मालकामागे गेला. मी खापरं उचलून कचऱ्यात टाकली. सर गेले तेव्हाही मला रडू आलं नव्हतं, रांजणासाठी कुठून येणार?

डॉ. रुश्दी अल-बिंदारी. इजिप्तमधल्या दमनहूरच्या आमच्या संस्थेत नुसतं 'सर' म्हटलं तरी पुरे. कालव्याच्या पाण्यातून माणसाच्या कातडीत शिरणाऱ्या, बिल्हार्झिया रोगाच्या अळ्या त्यांनी कालव्याकाठच्याच एका कडू झुडपाच्या काढ्याने मारून दाखवल्या. काढ्यात अळ्या बघता बघता ठार, बाजूच्या साध्या पाण्यात मजेत वळवळतायत. त्या एका निबंधाच्या आधारावर खार्तूमपासून दमास्कसपर्यंत कितीजणांनी पदव्या घेतल्या. मीही त्यातलीच.

काहींना मात्र तो प्रयोग कधी साधला नाही. आमचा वगदी त्यांतला. त्याच्या अळ्या काढ्यातही पोहत राहायच्या. शेवटी सर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबा रे, तुझ्या हाताला बरकत नाही." वगदीने संशोधन सोडलं आणि अलेक्झांड्रियात चष्म्याचं दुकान टाकलं.

रांजण सरांनी त्यांच्या आईच्या नावाने ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. असलं पाणी पिणाऱ्याचं. त्याने कुणी हातपाय धुवत नाही, नमाजाआधीसुद्धा नाही. अळ्या ज्या गोगलगायींतून निघतात त्यांना मात्र सर रांजणातलंच पाणी घालत, आणि अळ्यांच्या साध्या पाण्याच्या ताटलीतही तेच. म्हणायचे, "गोगलगाय जीव आहे, तिला तहान लागते. काढ्याला कसली तहान? काढ्यात नळाचं घाला." आम्ही वर्षानुवर्षं तसंच करत आलो. निबंधात दोन्हीकडे 'पाणी' एवढंच छापलं होतं.

आता रांजण नव्हता. नळाच्या ताज्या पाण्यात गोगलगायी तग धरत नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून मी एका बादलीत पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे तेच वापरलं. काढ्यातल्या अळ्या खुशाल पोहत राहिल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग काढा न घालता नुसतं ताजं नळाचं पाणी घातलं, तर पटापट मेल्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ठेवलं की उडून जातं. शाळकरी पोरालाही कळेल अशी गोष्ट. पण सरांच्या प्रयोगावर शंका कोण घेणार? मी चहा केला आणि प्यायले. चव लागली नाही, एवढंच.

सरांचा चाळिसावा दिवस जवळ आला तसं सरांच्या बायकोने मला बोलावून घेतलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना अब्ला इन्शिराह, म्हणजे इन्शिराह बाई, म्हणतो. मशिदीबाहेर थंड पाण्याचं यंत्र बसवायचं होतं, त्यावर सरांच्या नावाची संगमरवरी पाटी.

"माणूस गेल्यावरही तीन गोष्टींचं पुण्य त्याला मिळत राहतं," बिनसाखरेची कॉफी माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या. "वाहता दानधर्म, लोकांच्या उपयोगी पडलेली विद्या आणि मागे दुवा मागणारं लेकरू. लेकरू अल्लाने दिलं नाही. पाणी आहे. पाटीवर विद्येचं तेवढं नीट कोरून घेऊ. मजकूर तू सांग, इब्तिहाल."

"अब्ला, विद्येचं कोरू नका."

मग मी सगळं सांगितलं. बातम्या वाचाव्यात तसं. माझा आवाजही हलला नाही. त्या ऐकत राहिल्या.

"घरात मीठ दोनदा घालून जेवणाचा सत्यानाश करायचे," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि तिथे घोटभर पाण्यासाठी एवढा काटेकोरपणा!"

मी कॉफीचा कप उचलला.

"तुला कुणी सांगितलं होतं पुन्हा करून बघायला? थोडी थांबली असतीस, तर मीही त्यांच्यामागे गेले असते."

"खरं आहे."

"खरं आहे म्हणे!" त्यांनी डोळे पुसले. "आणि तो चष्मेवाला? त्याच्या अळ्या का मेल्या नाहीत?"

"विचारलं नाही अजून."

"मग इथे कॉफी काय पीत बसलीस? त्याला फोन लाव आधी. पाटीवर 'तहानलेल्यांनो, प्या' एवढंच घालते मी."

जिन्यातच फोन लावला. वगदीने आवाज लगेच ओळखला.

"सर गेल्याचं कळलं गं. अल्ला रहम करो."

"वगदी, तू काढ्यात पाणी कुठलं घालायचास?"

"हे काय मध्येच? उकळून गार केलेलं. आईची शिस्त. आमच्याकडे मांजरसुद्धा उकळलेलंच प्यायचं."

मी सगळं सांगितलं, उकळल्यावरही क्लोरीन उडून जातं हेही. त्याच्या दुकानात कुणी बाई फ्रेमची किंमत विचारत होती.

"म्हणजे माझा हात..." तो म्हणाला.

"हात चांगला होता तुझा. बरोबर तूच होतास."



"मुलगी झाली ना मला," तो म्हणाला, "तेव्हा नर्स आधी माझ्याच हातात देत होती. मी घेतलं नाही. म्हटलं, पहिला हात बरकतीचा लागू दे. शेजाऱ्याला पुढे केलं."

फोन तसाच चालू ठेवून तो त्या बाईला किंमत सांगायला लागला, आणि मी जिन्यात उभी राहून ऐकत राहिले.